मागचे चाक मोठे केल्यावर गाडी चढाला मरते : स्प्रॉकेट बदलण्याआधी आणि बदलताना काय तपासावे

मोटारसायकलच्या मागच्या चाकाची रिम किंवा टायर बदलल्यावर काही दिवसांत गाडी गॅरेजला येते, तेव्हा तक्रारी बहुधा अशा असतात. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना क्लच नेहमीपेक्षा जास्त वेळ अर्धा धरावा लागतो. पूर्वी तिसऱ्या गिअरवर निघणारा चढ आता दुसऱ्यावर काढावा लागतो. सपाट रस्त्यावर शेवटचा गिअर टाकला की इंजिन घरघरते, ओढ राहत नाही आणि चालवणारा पुन्हा एक गिअर खाली येतो. ॲव्हरेज कमी झाल्यासारखे वाटते. काही गाड्यांत मीटरचा काटा आणि मोबाईलवर दिसणारा वेग यांचा मेळ बसेनासा होतो. चाक लहान केले असेल तर याच्या उलट घडते : पिकअप बरा वाटतो, पण पन्नास-साठच्या वेगालाच इंजिन ओरडू लागते, हँडलला झिणझिण्या येतात आणि आणखी एक गिअर असायला हवा होता असे वाटते.

यापैकी काहीही जाणवले की बहुतेक जण थेट स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर चालते त्या दातेरी चाकाच्या, दातांवर येतात. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करून घेतात, आठ-दहा दिवस बरे वाटते आणि तक्रार पुन्हा सुरू होते. साताऱ्यात हे दुखणे जास्त दिसते, कारण इथून कुठेही निघाले तरी घाट लागतो. यवतेश्वर, केळघर, पसरणी किंवा खंबाटकी या चढांवर सपाटीला न जाणवलेला दोष लगेच उघडा पडतो. माझ्याकडे एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत चूक दातांची नव्हती, किंवा दात चाक न मोजता अंदाजाने निवडलेले होते. म्हणून पुढील तपासण्या मी बिनखर्चाच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे अशा क्रमाने लिहिल्या आहेत, आणि हा क्रम कृपया मोडू नये.

त्याआधी एक खुलासा. फक्त पुढचे चाक बदलले असेल तर गाडीच्या ओढीशी त्याचा संबंध नाही, कारण इंजिनची ताकद चेनमधून मागच्या चाकाला जाते. पुढचे चाक बदलल्याने हँडलचा स्वभाव बदलतो आणि मीटरची केबल पुढच्या चाकातून निघत असेल तर मीटर चुकतो. अशा गाडीचे स्प्रॉकेट बदलणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे आहे.

हवा, आणि चाक मोकळे फिरते का

प्रथम हवा तपासावी. नवीन टायर बसवताना पंक्चरवाल्याने अंदाजाने भरलेली हवा पुष्कळदा तशीच राहते. हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर चपटा बसतो, गाडी जड चालते, आणि पुढे चाकाचा घेर मोजताना मापही चुकते. गाडीवरील स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेला दाब थंड टायरला भरावा, आणि पाठीमागे माणूस वा ओझे नेहमी असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा वापरावा.

त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवून न्यूट्रल करावे आणि मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरून हळूहळू थांबले पाहिजे. हात काढताच थांबत असेल किंवा ठरावीक जागी घासल्याचा आवाज येत असेल तर तेथेच थांबून ब्रेक पाहावा. ही तपासणी मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते एका गाडीवरून कळेल.

साताऱ्याहून तेलाचे डबे, किराणा आणि बेकरीचा माल घेऊन मेढ्याच्या वरच्या वाड्यांवर जाणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. वाटेतले दगड खाली लागतात म्हणून त्यांनी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तेच ठेवून मागे १७ ऐवजी १८ इंची रिम भरून घेतली होती. गाडी ओढत नाही म्हणून एका ठिकाणी पुढचे स्प्रॉकेट १४ चे १३ करून झाले होते. “मिस्त्री, दात कमी केलं तरी गाडी केळघरला मरतीयाच,” एवढेच ते सांगत होते. गाडी नुकतीच गोडोलीवरून चालत आली होती. मी बाटलीतले चार थेंब पाणी मागच्या ब्रेकच्या ड्रमवर टाकले, तर ते चर्र करून उडून गेले. त्यांना म्हटले, “आबा, तुमची गाडी ब्रेक दाबूनच घाट चढतेय.”

हे घडले कसे, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी झाला की चेन सैल पडते, ती ताणण्यासाठी चाक स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खाचेत मागे सरकवतात, आणि चाकाबरोबर ब्रेकची प्लेटही मागे जाते. ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडलपासून त्या प्लेटपर्यंत लोखंडी रॉड असतो. रॉडची लांबी तीच आणि प्लेट मात्र मागे गेली, म्हणजे रॉड ओढला जातो आणि शू ड्रमला टेकून राहतात. तीन-चार मिलिमीटरचे अंतरही यासाठी पुरते. रॉडच्या टोकाची नटी थोडी सोडून पेडलला दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली की दोष जातो. त्या गाडीला दात कमी करून जे मिळाले होते त्याहून जास्त ब्रेकने खाल्ले होते. म्हणून चेन जेव्हा जेव्हा ताणाल, तेव्हा ब्रेकची चाल पाहिल्याशिवाय गाडी स्टँडवरून उतरवू नये.

डिस्क ब्रेकच्या गाडीत रॉडचा प्रश्न येत नाही, पण चाक काढताना कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) वाकडा बसला असेल किंवा त्याची पिन अडकली असेल तर पॅड घासत राहतात. तेथेही हाताने फिरवून कळते.

चेन अति ताणलेली असेल तरी चाक जड फिरते. खालच्या बाजूच्या मधोमध बोटाने वर-खाली करून चाल पाहावी; लहान गाड्यांत ती सर्वसाधारणपणे दोन ते तीन सेंटिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते, आणि अशी चेन असेल तर पुढचे सगळे हिशेब तिच्यासह करावे लागतात.

चाक मोजणे

यासाठी खडू आणि टेप एवढेच लागते. हवा बरोबर करून गाडी सपाट फरशीवर उभी करावी आणि नेहमी चालवणाऱ्या माणसाला वर बसवावे, कारण वजनाने टायर दबतो आणि कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष घेर कमी भरतो. मागच्या टायरवर जमिनीला टेकते तिथे खडूची खूण करावी, तशीच फरशीवर करावी, आणि गाडी सरळ ढकलत चाकाचे तीन पूर्ण फेरे घ्यावेत. दोन खुणांमधील अंतर म्हणजे तीन घेर. एकच फेरा घेतला तर सेंटिमीटरभर चूक सहज होते. तीन फेऱ्यांत ती चूक वाटली जाते.

आबांच्या गाडीचे नवे चाक तीन फेऱ्यांत ५ मीटर ८७ सेंटिमीटर गेले. जुने चाक हाताशी नव्हते, म्हणून त्याच मॉडेलची, मूळ टायर असलेली दुसरी गाडी बोलावून मोजली. ती ५ मीटर ६४ सेंटिमीटर गेली. ५८७ ला ५६४ ने भागले की १.०४ येते, म्हणजे चाक चार टक्क्यांनी मोठे झाले.

मोजायला जुनी गाडी मिळत नसेल तर टायरवरील आकड्यांवरून हिशेब करता येतो. १००/९०-१७ याचा अर्थ रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, आणि रिम १७ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून रिम ४३१.८, त्यात वरची आणि खालची मिळून १८० मिळवली की चाकाचा व्यास ६११.८ मिलिमीटर. तोच टायर १८ इंची घेतला तर व्यास ६३७.२ होतो, आणि फरक चार टक्क्यांच्या थोडा वर निघतो. पण १८ इंची रिमवर १००/८० चा टायर घातला तर व्यास ६१७.२ भरतो, म्हणजे मूळ चाकापेक्षा एक टक्काही जास्त नाही. “सतराचे अठरा केले” एवढ्यावरून स्प्रॉकेट निवडणे चुकीचे का आहे, ते यावरून लक्षात यावे : रिमपेक्षा टायरसकट भरणारा घेर महत्त्वाचा असतो. जुन्या पद्धतीचे २.७५-१८ असे आकडे असतील तर त्यात उंचीचे प्रमाण दिलेले नसते, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायरही थोडे लहान-मोठे असतात. त्यामुळे शेवटी खडूच्या मापावर माझा विश्वास जास्त आहे.

फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर स्प्रॉकेटला हात लावू नये. तेवढा फरक नवा आणि झिजलेला टायर यांच्यातही पडू शकतो. तक्रार असेल तर ती कार्बोरेटर, एअर फिल्टर, क्लच प्लेट किंवा ब्रेक यांत शोधावी. १३०/७०-१७ काढून १४०/६०-१७ घातलेल्या गाड्यांत हिशेबाने फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतो आणि चाक लहान होते. अशा गाडीलाही मी दात बदलायचा सल्ला देत नाही.

ॲव्हरेजची तक्रारही येथेच निकालात काढावी. मीटर वेग गिअरबॉक्समधून किंवा मागच्या चाकातून घेत असेल आणि चाक चार टक्क्यांनी मोठे असेल, तर गाडी १०४ किलोमीटर चालते तेव्हा मीटर १०० दाखवतो. पेट्रोल तेवढेच, किलोमीटर कमी, म्हणून ५० चे ॲव्हरेज ४८ दिसते. ही केवळ आकड्याची घट आहे. गिअरबॉक्समधून मीटर चालणाऱ्या गाडीत घेराच्या प्रमाणात स्प्रॉकेट बदलले की हा फरकही भरून येतो. मागच्या चाकातून चालणाऱ्या गाडीत स्प्रॉकेटने तो जात नाही. केबल पुढच्या चाकातून असेल तर मात्र मीटर खरे बोलतो आणि ॲव्हरेज खरोखरच घटले आहे असे समजावे.

दातांचा हिशेब

मागचे दात भागिले पुढचे दात हे मूळ प्रमाण. १४ आणि ४२ असतील तर ४२ भागिले १४ म्हणजे ३.००. चाक जितक्या पट मोठे झाले तितक्या पट हे प्रमाण वाढवले की गाडी पूर्वीसारखी ओढते. आबांच्या गाडीला ३.०० गुणिले १.०४ म्हणजे ३.१२ हवे होते. पुढचे १४ ठेवून मागे ४४ दात घेतले तर ३.१४ येते, ते जवळपास नेमके आहे. पुढचे १३ केले आणि मागचे ४२ ठेवले तर ३.२३ येते, चार टक्क्यांच्या दुखण्याला साडेसात टक्क्यांहून मोठा उतारा.

पुढचा एक दात मागच्या सुमारे तीन दातांएवढा असतो, हे प्रमाण लक्षात ठेवले की पुष्कळ चुका टळतात. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असते आणि लवकर बदलता येते, म्हणून लोक तिकडे वळतात. चाक सहा-सात टक्क्यांनी मोठे झाले असेल, किंवा गाडी ओझे घेऊन दिवसभर घाटातच असेल, तर पुढचा एक दात कमी करणे योग्यही ठरते. परंतु रोज महामार्गाने कराडला जाणाऱ्या गाडीला तसे केले तर शेवटच्या गिअरमध्ये इंजिन विनाकारण जास्त फिरत राहील. शिवाय पुढचे स्प्रॉकेट जितके लहान तितका चेनच्या प्रत्येक कडीला जास्त वळावे लागते : १५ दातांवर २४ अंश, १२ दातांवर ३० अंश. त्याने चेन लवकर झिजते आणि स्विंग आर्मवरील रबराला घासू लागते. १३ च्या खाली जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. आबांना मी १४ आणि ४४ दिले, कारण मेढ्यापर्यंतचा बराचसा रस्ता त्यांना भरधाव काढावा लागतो आणि घाट त्यानंतर येतो.

एक मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवतो. मोठी रिम आणि जाड टायर यांचे वजन परिघावर असते, आणि ते फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. प्रमाण बरोबर जुळले तरी उठावाची ही घट पूर्ण भरून निघत नाही, म्हणून ती भरून काढण्यासाठी आणखी दात वाढवत जाऊ नये.

चेन, जागा आणि सरळपणा

जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट बसवू नये. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणून नव्या चेनच्या २० कड्या पिन ते पिन २५४ मिलिमीटर भरतात. चेन ताणून मोजावी. २५७ च्या पुढे गेली असेल तर मी ती काढतो. ५२० नंबरच्या चेनची कडी १५.८७५ मिलिमीटरची असते, तिच्या २० कड्या ३१७.५ भरतात, आणि एक टक्का वाढ हीच तिथलीही माझी हद्द आहे. अशी झिजून लांबलेली चेन नव्या दातांच्या टोकावर चढते आणि नवे स्प्रॉकेट काही महिन्यांत वाघनखासारखे करून टाकते.

मागे दोन दात वाढले की तीच चेन एका कडीने तोकडी पडते आणि चाक सुमारे सहा मिलिमीटर पुढे घ्यावे लागते. चाकाची त्रिज्या आधीच पावणेतेरा मिलिमीटरने वाढलेली असते. दोन्ही मिळून टायर स्विंग आर्मच्या पुढच्या आडव्या भागाकडे जवळपास दोन सेंटिमीटर सरकतो. मधे बोटभर जागा राहिलीच पाहिजे, कारण पावसाळ्यात जावळीतला लाल चिखल टायरला चिकटून येतो आणि तेथे दाबला जातो. दोन माणसे बसवून गाडी दाबावी आणि वरच्या मडगार्डचीही जागा पाहावी. जागा अपुरी असेल तर दोन कड्या जास्त असलेली चेन घ्यावी, म्हणजे चाक सुमारे साडेबारा मिलिमीटर मागे येते. पण ते ॲडजस्टरच्या खुणांच्या आतच राहिले पाहिजे. आणि हो, चाक मागे आले की ब्रेकचा रॉड पुन्हा पाहायचा.

४२ चे ४४ केल्यावर ४२८ च्या मागच्या स्प्रॉकेटची कड सुमारे चार मिलिमीटर बाहेर येते. बंद चेन कव्हरला ती घासते, म्हणून काही ठिकाणी कव्हरच काढून टाकतात. कृपया तसे करू नये. मोठे टायर बसत नाही म्हणून साडी गार्ड काढणेही तितकेच वाईट. पाठीमागे बसलेल्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी चेनमध्ये गेली तर काय होते, ते एकदा पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ मध्ये आहे. कव्हरला आतून जागा करून घ्यावी, किंवा दोन दातांऐवजी एकच वाढवावा.

शेवटी दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, ते मागून डोळा लावून आणि दोरी धरून पाहावे. रिम बदलताना चाक एका अंगाला बसले असेल तर दातांची एकच बाजू चकाकते. चाक उघडलेच आहे तर हबमधील रबरेही पाहावीत. ती सैल झाली असतील तर गिअर टाकताना खट्ट असा धक्का बसतो आणि लोक तो दोष नव्या चेनवर ढकलतात.

कोठे थांबावे

पुढच्या स्प्रॉकेटखालची शाफ्टची खाच झिजलेली दिसली, किंवा तेथून ऑइल येत असेल, तर घरी काही करू नये. ते गिअरबॉक्सचे काम आहे. दुसऱ्या गाडीचे मागचे स्प्रॉकेट भोके वाढवून किंवा वेल्डिंग करून बसवू नये. हबला साजेसे मिळत नसेल तर लेथवर मोजून करून देणाऱ्या जाणकाराकडेच जावे. स्पोक ताणून रिमचा बाक काढणे हेही सवयीच्या हाताचे काम आहे. लॉक नसलेली, रिव्हेट करायची चेन योग्य हत्याराशिवाय जोडू नये, कारण ती चालत्या गाडीत तुटली तर इंजिनची बॉडी फोडते किंवा चाक जाम करते. साठच्या वेगाला मागचा भाग डोलत असेल तर गाडी ढकलत आणावी, चालवत आणू नये.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीची तुलना सतत चालू असते. चाकांचे मूळ प्रमाण बिघडल्याने एबीएसचा दिवा लागून राहिला, तर फ्यूज काढून तो विझवू नये. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवावे, आणि त्यांनी मूळ माप घालायला सांगितले तर तेच घालावे. नोंदणीतील कंपनीने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने बंधन आहे, म्हणून मोठा बदल करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

काम झाल्यावर मी बोगद्याकडून यवतेश्वरचा चढ नेहमीच्या ओझ्यासह घेतो, वर थांबून ड्रमला हात जवळ नेऊन उष्णता पाहतो, आणि मगच गाडी मालकाच्या ताब्यात देतो. साफ करताना किंवा ऑइल घालताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवू नये, बोटे जातात. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर चेन पुन्हा तपासावी, पुढच्या स्प्रॉकेटच्या लॉक प्लेटचे दोन्ही बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचे सगळे नट घट्ट करावेत, आणि चेन ताणली असेल तर ब्रेकच्या रॉडची नटी सोडायला विसरू नये.